पाखरू दिसते, तलाव दिसत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या सरपंचबाई घरी आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, बी.एड. झालेल्या आणि कामाला वाघ. चहा होईपर्यंत त्यांनी बैठकीच्या भिंतीवरचे माझे फोटो एकेक करून पाहिले आणि एका फोटोपाशी थांबल्या. पट्टकादंब हंसांचा थवा पाण्यावर उतरतो आहे, सकाळचं कोवळं ऊन पंखांच्या आरपार गेलेलं आहे, असा तो फोटो. गेल्या पौषात काढलेला. खोटं कशाला बोलू, मलाही तो फार आवडतो.

"काका, हा द्याल का? मोठा करून तलावाच्या गेटवर लावू म्हणते."

"आपल्या तलावाला गेट कुठं आहे?"

"होणार आहे ना!" असं म्हणून त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. तलावाचं सौंदर्यीकरण. चारी बाजूंनी दगडी पिचिंग, त्यावर फिरायला फरसबंद रस्ता, दिव्यांचे खांब, मधोमध कारंजं, मुलांसाठी पायानं चालवायच्या चार होड्या. तलाव बाराही महिने भरलेला राहावा म्हणून सांडव्याची उंची थोडी वाढवायची आणि गेटवर माझे हंस. मी "विचार करून सांगतो" म्हणालो. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं. पण त्या गेल्यावर खरोखरच विचार करत बसलो. त्या विचाराचंच हे लिखाण आहे.

गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढे येईलच. साकोली तालुक्यातलं एक मध्यम वस्तीचं गाव आहे, एवढं पुरे. आमचा तलाव काही प्रसिद्ध नाही. नवेगावबांधसारखी त्याच्यावर पुस्तकं लिहिली गेली नाहीत, शिवनीबांधासारखे लांबून पाहुणे येत नाहीत. भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला तेव्हा नवेगावबांध तिकडे गेला, तरी आमच्याकडे लहानमोठे हजाराहून अधिक तलाव आणि बोड्या उरल्याच. त्यांतला हा एक. पाळीवर मोहाची आणि अर्जुनाची जुनी झाडं, एका टोकाला देवीचं ठाणं, दुसऱ्या टोकाला सांडवा आणि पाळीखाली धानाच्या बांध्या.

हे तलाव निसर्गानं दिले असं शहरातल्या पाहुण्यांना वाटतं. ते निसर्गानं दिलेले नाहीत. गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाच्या माणसांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी मोजून, माती टोपल्यांनी वाहून ते बांधले. पुढे मालगुजारी आली, तलाव मालगुजारांकडे गेले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. तेव्हापासून कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे मा.मा., म्हणजे 'मामा तलाव'. मामाच्या घरी जसं सगळ्यांनी हक्कानं जेवायचं आणि भांडी कोणी घासायची हे ठरलेलं नसतं, तशीच या तलावांची पुढे गत झाली.

मी निवृत्त झालो २०१९ साली. मुलं पुण्याला. आम्ही दोघं नागपूरचा फ्लॅट सोडून गावच्या घरी राहायला आलो. मुलानं एक चांगला कॅमेरा आणि हाताएवढी लांब लेन्स आणून दिली. म्हणाला, "बाबा, कादंबरी लिहून होईपर्यंत निदान बाहेर तरी पडाल." कादंबरी अजून झालेली नाही. पण गेली सहा वर्षं मी जवळजवळ रोज सकाळी तलावावर असतो. बँकेतल्या सवयीनं एक वही घातली आहे. तारीख, वार, पाण्याची पातळी (देवीच्या ठाण्याच्या कितव्या पायरीला पाणी लागलं ते), पक्षी, अंदाजे संख्या आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात कधी कधी बायकोनं डब्यात काय दिलं होतं तेही लिहिलेलं सापडतं.

आज त्या सहा वर्षांच्या वह्या पुढ्यात घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की, पक्ष्यांच्या रकान्यापेक्षा पायऱ्यांचा रकाना जास्त बोलतो. पाणी दहाव्या पायरीला, म्हणजे तुडुंब, असतं ते फार तर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत. त्या दिवसांत तलाव दिसायला सर्वांत सुंदर असतो आणि पक्ष्यांच्या बाबतीत, काही अपवाद सोडले तर, बऱ्यापैकी रिकामा. पाऊस लांबला की धानाला शेवटचं पाणी द्यावं लागतं. पाटाची तोंडं उघडतात, पाणी आठव्या पायरीवर, मग सहाव्या पायरीवर येतं. काठावर गुडघाभर पाण्याची एक पट्टी मोकळी होते आणि मगच उत्तरेकडची बदकं खऱ्या अर्थानं मुक्कामाला येतात. तलवार बदक, थापट्या, गडवाल, भुवई बदक. ही सगळी पाण्यात बुडी मारणारी नाहीत. डोकं खाली, शेपूट वर, अशी उलटी होऊन मान पोचेल तेवढ्या खोलीतलं गवत आणि बी खातात. मान केवढी असते हो बदकाची? वीतभर, दीड वीत. पाणी त्याहून खोल झालं की त्याच्या दृष्टीनं ताट माडीवर ठेवल्यासारखं.

त्यानंतर येतो पट्टकादंब. मार्गशीर्षात, कधी त्याच्याही नंतर. तिबेट, मंगोलिया, लडाख अशा उंच प्रदेशांत याची वीण होते आणि हिमालय ओलांडून तो खाली उतरतो. मंगोलियात गळ्यात पट्टी अडकवलेले पट्टकादंब विदर्भात दिसल्याच्या नोंदी आहेत. हे महाराज दिवसा तलावात विश्रांती घेतात आणि अंधार पडला की शेतात चरायला जातात. त्यांना बसायला उघडा, उताराचा चिखलाचा काठ लागतो. त्यावरून चारी बाजूंना नजर जायला हवी. माझ्या त्या आवडत्या फोटोच्या दिवशी वहीत पाणी चौथ्या पायरीला आहे. उरलेल्या सहा पायऱ्यांवर धुणं वाळत होतं. ते मी फोटोत येऊ दिलेलं नाही.

फाल्गुन-चैत्रात पाणी दुसऱ्या पायरीवर येतं. पाहुणी बदकं गेलेली असतात. तलाव आटला, आता काय पाहायचं, असं वाटतं तेव्हा शेकाट्या आपल्या लाल काड्यांसारख्या पायांवर चिखलात उभा असतो, टिटवीनं भेगाळलेल्या गाळात चार अंडी घातलेली असतात आणि आपण त्या अंडींवर पाय ठेवण्याच्या बेतात असलो की ती डोक्यावरून आरडाओरडा करत फिरते. गावातले काही जण गाळपेर करतात. धीवर बायका उरल्यासुरल्या पाण्यात झिंगे आणि बारीक मासळी धरतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की चढणीची मासळी ओहोळातून वर निघते आणि बगळ्यांची पंगत बसते. मग पुन्हा पाणी वर, पुन्हा गवत वर, आणि तरंगत्या पानांवर लांब शेपटीचा कमळपक्षी नाचायला हजर. हा पक्षी फार मजेदार. मादी अंडी घालून दुसरा संसार मांडायला मोकळी होते आणि अंडी उबवणं, पिलं सांभाळणं हे सगळं नर करतो. आमच्या घरी हे सांगितलं तर "चांगलंच आहे की" एवढंच उत्तर आलं.

मुद्दा हा की, आमचा तलाव म्हणजे पाण्याचं भांडं नव्हे, पाण्याची ये-जा आहे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही मुदत ठेव नाही, हे चालू खातं आहे. त्यातली शिल्लक पाहून काही कळत नाही, उलाढाल पाहावी लागते. पक्षी त्या उलाढालीवर जगतात. आणि ती उलाढाल पक्ष्यांसाठी कोणी ठरवलेली नाही. धानासाठी पाणी सोडणारा शेतकरी आणि मासळीसाठी पाणी राखणारा धीवर यांच्या शेकडो वर्षांच्या ओढाताणीतून ती ठरली आहे.

हे शहाणपण मला फोटो काढून आलेलं नाही. उशिरा आलं, आणि कुठून आलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

१९९२ साली मी याच भागातल्या एका शाखेत कृषी अधिकारी होतो. वय तिशीच्या आसपास, मोटारसायकल नवी, उत्साह दांडगा. गावच्या मच्छीमार सोसायटीला मत्स्यबीजासाठी कर्ज हवं होतं. तेव्हा सगळीकडे एकच सल्ला असे. तलावात गवत फार झालं आहे, त्यामुळे जाळं फिरत नाही, उत्पादन वाढवायचं तर गवत्या मासा सोडा, सोबत सायप्रिनस सोडा. गवत्या हा परदेशी मासा, १९५९ साली भारतात आणलेला. नावाप्रमाणे पाण्यातलं गवत खातो आणि भराभर वाढतो. सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष, वयस्क गृहस्थ, माझ्या टेबलासमोर बसून चाचरत म्हणाले होते, "साहेब, गवत गेलं तं आमची मरळ, शिंगी कुठं राहील जी?" मी त्यांना प्रति हेक्टरी उत्पादनाचा तक्ता दाखवला. तक्त्यापुढे त्यांचा नाइलाज झाला. मी शिफारस लिहिली, सही केली, कर्ज मंजूर झालं.

एकही हप्ता चुकला नाही. पहिली तीन-चार वर्षं मासळी भरपूर निघाली. बँकेच्या लेखी ते उत्तम खातं होतं आणि मला शाबासकीही मिळाली. पुढे माझी बदली झाली.

तलावाचं काय झालं ते मी निवृत्तीनंतर पाहिलं. गवत्या मासा अशा साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाही, त्यामुळे बीज सोडणं थांबलं तसा तो संपला. पण त्यानं गवत साफ करून टाकलं होतं. सायप्रिनस मात्र इथंच वाढत राहिला. तो तळाचा चिखल उकरून खातो, पाणी गढूळ करतो. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही आणि ऊन पोचलं नाही की गवत पुन्हा धरत नाही. गवत नाही म्हणून मरळीला अंडी घालायला जागा नाही, गोगलगायी नाहीत, पाणकिडे नाहीत. तलावाच्या पोटातलं देवधान गेलं, पोयणी गेली. उघड्या पडलेल्या काठावर बेशरम पसरली. तलाव पाण्यानं भरलेला आणि आतून रिकामा. माझं खातं वसूल झालं, तलाव बुडीत गेला.

याचा पुरावा माझ्यापाशी आहे आणि तो मीच काढलेला फोटो आहे. १९९१ च्या भाद्रपदात, कर्जाच्या आदल्या वर्षी, उसन्या याशिका कॅमेऱ्यानं काढलेला. छत्तीस फोटोंचा रोल, त्यातले वीस लग्नाचे. शेवटी दोन-तीन उरले म्हणून पाळीवर उभं राहून तलावाचा काढला. फोटो म्हणून टाकाऊ. अंगठ्याची सावली एका कोपऱ्यात आहे आणि रंग पिवळे पडले आहेत. पण त्यात अर्ध्या तलावावर पोयणीची पानं आणि पांढरी फुलं पसरलेली आहेत, पलीकडे देवधानाचा हिरवा पट्टा आहे, डोंग्यात उभा एक धीवर आहे, पाण्यात म्हशी आहेत. पानांवर तांदळाच्या दाण्याएवढे काळे-पांढरे ठिपके आहेत. ते कमळपक्षी. भिंग लावून मी सतरा मोजले. गेल्या सहा वर्षांत माझ्या वहीत कमळपक्ष्यांची एका दिवसाची सर्वांत मोठी संख्या चार आहे.

आता माझ्याकडे कमळपक्ष्याचा असा फोटो आहे की, त्याच्या डोळ्यातलं माझंच प्रतिबिंब शोधावं. त्या फोटोत तलाव नाही. मागे सगळं धूसर हिरवं. लेन्स जितकी महाग तितकं मागचं धूसर जास्त, आणि त्यालाच चांगला फोटो म्हणायची पद्धत आहे. एकदा मी हा फोटो त्या जुन्या अध्यक्षांच्या मुलाला दाखवला. वडील आता नाहीत, सोसायटी तोच पाहतो. त्यानं बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "साहेब, तुमाले पाखरू दिसते. पाखरू ज्या पानावर उभं हाय, ते पान काहून दिसत नाही जी?" मी त्याला तांत्रिक कारण सांगू लागलो आणि मध्येच थांबलो.

त्याच माणसानं एका आषाढात मला डोंग्यात घ्यायला नकार दिला होता. आदल्या वर्षी मी त्याच्याच डोंग्यातून कमळपक्ष्याच्या घरट्यापर्यंत गेलो होतो. घरटं कसलं, पाण्यावर तरंगणारा चार काड्यांचा पसारा आणि त्यात चकाकती तपकिरी अंडी. उजेड चांगला नव्हता म्हणून थांबलो, ढग सरेना म्हणून आणखी थांबलो. नर दूर पानावर अस्वस्थ फिरत राहिला. पाळीवरच्या झाडावर कावळे होतेच. आम्ही काठाला लागेपर्यंत एक कावळा घरट्यावर जाऊन आला होता. माझे फोटो उत्तम आले. ते मी कोणाला दाखवत नाही. गावाचं नाव न लिहिण्याचं कारणही हेच. फोटो छापून आला, खाली ठिकाण आलं की पुढच्या रविवारी पाळीवर गाड्या लागतात. मी एकटा एक घरटं उठवू शकलो, तर वीस लेन्स काय करतील?

मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. त्यांच्या पुस्तकांनी माझ्या पिढीला पक्षी पाहायला शिकवलं. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून राज्य सरकारनं २०२० पासून हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. आमच्या शाळेतही तो साजरा होतो. मला बोलावतात, मी फोटो दाखवतो, मुलं टाळ्या वाजवतात. पण चितमपल्लींची पुस्तकं पुन्हा काढून वाचली तर जाणवतं की, त्यांच्या पक्ष्याभोवती नेहमी माणसं आहेत. जाळं विणणारी, वाट दाखवणारी, पक्ष्याला स्वतःचं वेगळं नाव ठेवणारी. त्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांचा पक्षी उडतच नाही. आम्ही लेन्सवाल्यांनी पक्षी घेतला आणि माणसं चौकटीबाहेर ठेवली. मग नकाशा काढणाऱ्यांनीही तेच केलं तर त्यांना कुठल्या तोंडानं बोलणार?

आता नकाशाकडे येतो. दगडी पिचिंग म्हणजे काठाचा उतार गेला. पाणी आणि जमीन यांच्यामध्ये जी गुडघाभर पाण्याची पट्टी असते, ती गेली. सांडवा वाढवून तलाव बारमाही भरलेला ठेवला की चौथी पायरी कधीच उघडी पडणार नाही. हंस उतरणार कुठे? गेटवर उतरतील, फोटोत. फरसबंद रस्त्यावर रात्रभर दिवे, मधोमध होड्या, म्हणजे दिवसाची विश्रांतीही नाही.

कायद्याची मदत घ्यावी म्हणाल तर तिथं एक गंमत आहे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांतल्या व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेली जलाशये वगळली आहेत. आमचा तलाव कोहळ्यांनी सिंचनासाठीच बांधला, सबब तो पाणथळ जागा नव्हे! नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हेही इंग्रजी अमलातल्या बंधाऱ्यामुळे झालेलं पाणी आहे आणि २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र ठरलं. म्हणजे माणसानं बांधलेल्या पाण्यावर पक्षी येत नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही. फक्त मामाच्या वाट्याला मामाचीच वागणूक आली.

हे सगळं मी सरपंचबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे उत्तर दिलं ते मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही.

"काका, तुमचे हंस चार महिने येतात. आमच्या बायका बारा महिने घाटावर जातात. बेशरम काढायला मागच्या वर्षी मी पैसे मागितले होते, मिळाले नाहीत. गवत लावायला मागितले असते तर हसले असते. दगडाला मिळाले. दगड मोजता येतो ना! मग आलेला फंड परत पाठवू का?"

बाईंचं म्हणणं खरं आहे. मी जन्मभर हेच केलं. दगडाचं घनमीटर मोजता येतं, मोजमाप पुस्तकात लिहिता येतं, विनियोगाचं प्रमाणपत्र देता येतं. तलावाच्या तळाशी गवत परत आलं हे कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि पाळीवर संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांनी फिरावं, मुलांनी खेळावं, यात वाईट ते काय आहे? मीही म्हाताराच आहे.

पण हे मोजता येत नाही असंही नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव भागात, मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मंडळींनी धीवरांच्या सोसायट्यांना बरोबर घेऊन हे काम केलं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट काढायची, तलावाचं पोट नांगरायचं आणि पावसाच्या सुरुवातीला पाणवनस्पतींची रोवणी करायची. कोणतं गवत कुठं लागतं, कोणती मासळी कशात अंडी घालते, हे धीवरांच्या बायका-माणसांना विचारून. तिथं गवताबरोबर देशी मासळी परतली, मासळीबरोबर पक्षी परतले आणि सोसायटीचं उत्पन्नही वाढलं. उत्पन्न हा रकाना तर सगळ्यांनाच समजतो. त्या कामासाठी लागले ते मुख्यतः मजुरीचे दिवस, आणि मजुरीचे दिवस रोजगार हमीत मोजता येतात.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच उरलं. पाळीच्या बाजूला, देवीच्या ठाण्यापासून सांडव्यापर्यंत, घाट बांधा, रस्ता करा, दिवे लावा. ती बाजू माणसांचीच आहे. पलीकडची पूर्वेची बाजू, जिथं उतार आहे आणि गाळपेर होते, तिथं एकही दगड टाकू नका. सांडवा आहे तेवढाच ठेवा. कारंजं आणि होड्या नकोत. पाणी कधी, किती सोडायचं हे शेतकरी आणि सोसायटी पूर्वीसारखं भांडून ठरवतील. आणि वैशाखात पूर्वेकडची एक एकर जागा नांगरून तिथं पोयणी आणि देवधान लावण्याचा पहिल्या वर्षाचा मजुरीचा खर्च मी देतो. त्याला दान म्हणू नये. १९९२ च्या खात्यावरचं हे व्याज आहे.

बाईंनी ग्रामसभेत विषय ठेवायचं कबूल केलं. "पास होईलच असं नाही," हेही सांगितलं. होड्यांवर तरुण मुलांचा जीव आहे, आणि ठेकेदार कोण हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

फोटोचं मात्र राहिलंच होतं. मी दोन नेले होते. एक हंसांचा, त्यांनी मागितलेला. दुसरा १९९१ चा, नागपूरला नेऊन मोठा करून आणलेला. अंगठ्याची सावली तशीच ठेवली आहे. सरपंचबाईंनी तो टेबलावर पसरला. सदस्य मंडळी भोवती जमली. "हा आपला तलाव?" असं दोन-तीनदा झालं. एका म्हाताऱ्या सदस्यानं डोंग्यातला माणूस ओळखला आणि नाव घेतलं. सोसायटीचे ते जुने अध्यक्ष, माझ्या टेबलासमोर बसलेले. तीस-पस्तीस वर्षं तो फोटो माझ्याकडे होता आणि डोंग्यात कोण उभं आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

"पण काका, यात पक्षी कुठं आहेत?" सरपंचबाईंनी विचारलं.

मी खिशातून भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. ग्रामसभा येत्या शुक्रवारी आहे.